प्रोसेसर शेवटी बघा: अठरा जणांच्या ऑफिससाठी सर्व्हर

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच लक्षात येईल. अठरा जणांचं ऑफिस आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर, सगळ्यांच्या सामायिक फाइली आणि लॉगिनची व्यवस्था आजवर कोपऱ्यातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर चालत होती. एकूण डेटा ६०० जीबीच्या आत. मागच्या महिन्यात त्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क गेली. दीड दिवस काम ठप्प झालं आणि आठवडाभराच्या नोंदी पुन्हा हातानं भराव्या लागल्या. आता ‘खराखुरा सर्व्हर’ घ्यायचं ठरलंय आणि विक्रेत्याचं कोटेशन आलंय: रॅकमध्ये बसणारा चपटा १यू सर्व्हर, दोन प्रोसेसर मिळून ३२ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे राबणारे भाग), १२८ जीबी रॅम, ८ टीबीच्या चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा अशा जोडणीत), वॉरंटी एक वर्ष. घ्यावा का?

घेऊ नका. महाग आहे म्हणून नव्हे. ज्या कारणानं तुमचा दीड दिवस गेला आणि आठवड्याच्या नोंदी गेल्या, त्या कारणावर या कोटेशनमध्ये धड एक ओळ नाही. यूपीएस नाही, बॅकअपचं नाव नाही, आणि डिस्क अशा पद्धतीनं जोडल्यात की पुढचा अपघात आधीच्यापेक्षा मोठा व्हावा. सगळा पैसा प्रोसेसरवर गेलाय. आणि गेल्या वीसेक वर्षांत माझ्या हातून बदलले गेलेले बिघडलेले प्रोसेसर एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. डिस्क मात्र पोत्यानं बदलल्यात. त्यानंतर नंबर लागतो पॉवर सप्लायचा, पंख्यांचा आणि यूपीएसच्या बॅटरीचा. जे फिरतं, तापतं किंवा ज्यात रसायन असतं ते मरतं. छोट्या ऑफिसचा पैसा त्याच क्रमानं खर्च व्हायला हवा.

कुठलंही मॉडेल बघण्याआधी ऑफिसच्या मालकांना समोर बसवून दोन आकडे कागदावर लिहून घ्या. सर्व्हर बंद पडला तर किती तास कळ काढता येईल? आणि शेवटच्या किती तासांचं काम गेलं तर चालेल? पहिल्यांदा विचारलं की उत्तर येतं, ‘एक मिनिटही नाही, काहीच जाता कामा नये.’ मग त्यासाठी दोन सर्व्हर, दोन जागा, दुप्पट लायसन लागतं हे सांगितलं की आकडा हळूहळू वर सरकतो. साधारण अशा ऑफिसात तो ‘अर्धा दिवस बंद चालेल, दोन तासांचं काम गेलं तर पुन्हा करू’ इथं येऊन थांबतो. मी पुढे जे लिहितोय ते हेच आकडे धरून. तुमचे वेगळे असतील तर काही उत्तरं बदलतील.

मुळात सर्व्हर लागतो का, हेही एकदा विचारा. नुसत्या फाइलीच ठेवायच्या असत्या तर दोन किंवा चार डिस्कची चांगली नॅस पेटी (नेटवर्कला जोडून फाइली ठेवायची पेटी) पुरली असती. ती स्वस्त, शांत आणि सांभाळायला सोपी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची ऑनलाइन आवृत्ती असेल आणि तुमचं इंटरनेट भरवशाचं असेल तर तोही मार्ग आहे. पण तुमचं सॉफ्टवेअर विंडोज सर्व्हर आणि स्वतःचा डेटाबेस मागतं, लॉगिनही तिथंच आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत सर्व्हर घेणं बरोबर आहे.

आता प्रोसेसर, कारण कोटेशनमध्ये तोच सर्वांत वर आहे आणि तो लवकर संपवता येतो. जुना डेस्कटॉप नवी डिस्क टाकून सध्या चालू आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर आठवडाभर चालू ठेवा. प्रोसेसरचा वापर, मोकळी रॅम, आणि डिस्कला एक वाचन किंवा लेखन पुरं करायला लागणारा वेळ, एवढं नोंदवा. महिनाअखेरीचा आठवडा मिळाला तर उत्तम. माझा अंदाज असा की प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेला दिसेल आणि डिस्कचा वेळ मात्र २० मिलिसेकंदांच्या वर गेलेला दिसेल. लोक ‘सर्व्हर स्लो आहे’ म्हणतात तेव्हा शंभरातल्या बऱ्याच वेळा डिस्क रडत असते.

शिवाय हिशेबाची सॉफ्टवेअरं एका कामासाठी बहुधा एकच कोअर धरून बसतात. ३२ कोअर असले तरी ताळेबंद काढताना एकच राबतो आणि बाकीचे एकतीस बघत बसतात. त्यामुळे कमी कोअर पण जास्त गिगाहर्ट्झ, हे तुमच्यासाठी बरोबर. एकच प्रोसेसर, ६ ते ८ कोअर. इंटेलची झिऑन ई मालिका किंवा एएमडीची एपिक ४००४ मालिका अशाच कामासाठी बनवलेल्या आहेत. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचं लायसन कोअरवर मोजलं जातं आणि एका सर्व्हरमागे किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं. म्हणजे ८ कोअरचा प्रोसेसर घेतला काय आणि १६ चा घेतला काय, लायसनचा खर्च तोच. पण ३२ कोअर घेतले की तो सरळ दुप्पट होतो, आणि ते कोअर वापरात नसले तरी होतो. माणसांमागे लागणारी कॅल लायसनं वेगळीच. कोटेशनमध्ये ती अठरा धरलीत का तेवढं बघा.

त्याच स्टँडर्ड लायसनमध्ये दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे, सॉफ्टवेअरनं बनवलेले स्वतंत्र संगणक) चालवायची मुभा आहे. ती जरूर वापरा. एकात लॉगिन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यात हिशेब आणि फाइली, आणि खालच्या मूळ विंडोजवर ही मशीन चालवणाऱ्या हायपर-व्हीशिवाय काहीही नाही. डोमेन कंट्रोलर आणि डेटाबेस एकाच विंडोजवर कोंबले की एक गंमत होते: ज्या डिस्कवर डोमेनचा डेटाबेस असतो, तिची राइट कॅश (लेखन पटकन उरकणारी तात्पुरती मेमरी) विंडोज सुरक्षिततेसाठी स्वतःहून बंद करतं. मग त्याच डिस्कवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर का रांगतंय म्हणून लोक महिनोन्‌महिने डोकं खाजवत बसतात. वेगळ्या मशीनचा दुसरा फायदा मोठा आहे. सर्व्हरचं लोखंड बदलायची वेळ आली तर अख्खं मशीन फाइलीसारखं उचलून दुसरीकडे ठेवता येतं.

रॅम ईसीसीच घ्या, यावर तडजोड नको. साध्या रॅममध्ये एखादा बिट आपोआप पालटला तर कुणालाच कळत नाही. ती चूक तशीच डेटाबेसमध्ये लिहिली जाते आणि पुढे बॅकअपमध्येही जाते. ईसीसी एका बिटची चूक तिथल्या तिथे सुधारतं आणि दोन बिटांची चूक निदान ओळखतं. हा पुस्तकी धोका नाही. गूगलच्या हजारो सर्व्हरवर झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांवर निदान एकदा तरी चूक नोंदली गेली होती. ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी आतच असतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते चिपच्या पोटातलं ईसीसी आहे, चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक त्याला दिसत नाही. वाटेवर राखण ठेवणारी पट्टी वेगळी असते आणि तिच्या नावातच ईसीसी लिहिलेलं असतं. जाता जाता एवढंच की सर्व्हरच्या पट्ट्या यूडीआयएमएम आणि आरडीआयएमएम अशा दोन जातींच्या असतात. एका जातीच्या बोर्डात दुसरी चालत नाही. डीडीआर४ मध्ये तर ती खाचेत व्यवस्थित बसते, फक्त मशीन सुरू होत नाही. रॅम वाढवताना ही चूक भल्याभल्यांनी केली आहे, मीसुद्धा.

किती रॅम? वरच्या मांडणीला ३२ जीबी पुरेल. ६४ घेतली तर पाच वर्षं विचार करायला नको. एकसारख्या दोन पट्ट्यांत घ्या, म्हणजे प्रोसेसर ते रॅम या दोन्ही वाटा (चॅनल) वापरात येतील आणि दोन खाचा पुढच्यासाठी मोकळ्या राहतील. १२८ जीबीचं तुम्ही काय करणार आहात, हे विक्रेत्याला विचारलं तर तोही विचारात पडेल.

डिस्ककडे येतो. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या कोटेशनमधली खरी चूक इथं आहे.

७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण ८० ते १०० विखुरलेली कामं करू शकते. त्यात जादू काही नाही. तबकडीला एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात, हवी ती जागा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी त्याच्या निम्मे, आणि वर डोकं सरकायला लागणारा वेळ. रेड ५ मध्ये छोटं लेखन करायचं म्हणजे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला हिशेब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं. म्हणजे चार डिस्क विकत घेऊन लेखनाचा वेग मिळतो एका डिस्कएवढा. डेटाबेसला नेमकं तेच लागतं, सतत छोटी छोटी लेखनं. तुमच्या जुन्या डेस्कटॉपच्या एका डिस्कवर लोक कंटाळले होते. या नव्या सर्व्हरवर नोंदी साठवताना त्यांना फार फरक जाणवला नसता.

वेगापेक्षा मोठी भीती पुढे आहे. रेड ५ मधली एक डिस्क गेली की नवी घालून पुनर्बांधणी करावी लागते, आणि त्यासाठी उरलेल्या तीन डिस्क पहिल्या बिटापासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. ८ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी या भरधाव वेगानं वाचली तरी अकरा तास. दिवसा लोक काम करत असताना हेच एक-दोन दिवसांवर जातं. हा सगळा वेळ तुम्ही दोरीवर चालत असता, खाली जाळी नसते, कारण आता आणखी एक डिस्क गेली तर सगळंच जातं. आणि ती जाण्याची शक्यता याच वेळी जास्त. चारही डिस्क एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच खोक्यातून आलेल्या, सारख्याच झिजलेल्या, आणि आता त्यांच्यावर आयुष्यातला सर्वांत मोठा भार. साध्या डिस्कच्या तपशिलात ‘१०चा १४वा घात इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारं सेक्टर’ असा आकडा असतो. तो म्हणजे सुमारे साडेबारा टीबी. तुमची पुनर्बांधणी वाचणार २४ टीबी. प्रत्यक्षात डिस्क या कागदी आकड्यापेक्षा चांगल्या वागतात, त्यामुळे मी घाबरवत नाही. पण एका ग्राहकाकडे पुनर्बांधणी ७० टक्क्यांवर असताना दुसरी डिस्क गेलेली मी उभं राहून पाहिली आहे, आणि त्या खोलीतली शांतता अजून आठवते.

तुमच्याकडे ६०० जीबी डेटा आहे. त्याला २४ टीबी जागा लागत नाही. १.९२ टीबीच्या दोन सर्व्हर दर्जाच्या एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्क) घ्या आणि रेड १ करा, म्हणजे जे एकीवर तेच दुसरीवर. सेकंदाला शंभराच्या जागी हजारोंनी कामं होतील, आणि एक गेली तरी नवी घालून आरसा पुन्हा तयार व्हायला तासाभराच्या आसपास लागेल. अठरा माणसांना प्रोसेसरच्या कुठल्याही अदलाबदलीपेक्षा हा एक बदल जास्त जाणवेल.

‘एसएसडी झिजते’ ही शंका येईलच. सर्व्हरच्या एसएसडीवर डीडब्ल्यूपीडी नावाचा आकडा असतो. तो १ असेल तर पाच वर्षं रोज अख्खी डिस्क एकदा भरून लिहिली तरी वॉरंटीत बसतं. १.९२ टीबीच्या डिस्कला हे पाच वर्षांत सुमारे ३५०० टीबी होतात. तुमचं ऑफिस रोज अगदी ५० जीबी लिहितं असं धरलं, तर पाच वर्षांत ९० टीबीच्या थोडं वर. झिजेची काळजी करू नका. काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची: अचानक वीज गेली तर काय होतं. घरगुती एसएसडी ‘लिहिलं’ असं सांगून मोकळी होते, पण बाइट्स अजून तिच्या तात्पुरत्या मेमरीत असू शकतात. सर्व्हरच्या एसएसडीवर छोटे कपॅसिटर असतात, ते तेवढ्या क्षणापुरती वीज देऊन शेवटचं लेखन पुरं करवतात. तपशिलात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ हे शब्द शोधा. ते नसतील तर ती एसएसडी सर्व्हरमध्ये नको, कितीही वेगवान असली तरी.

एसएसडीचंही एक टोक आहे. २०१९ मध्ये एचपीई कंपनीनं स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या काही एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या पोटातल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळे कायमच्या बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. हा आकडा २ चा १५वा घात आहे, तासांचा मोजणारा काटा भरून वाहिला एवढंच. पण विचार करा, रेड १ मधल्या दोन्ही डिस्क एकाच दिवशी चालू झालेल्या असतात. दोन्हींचे तास सारखे भरतात. म्हणून सर्व्हर आल्यावर डिस्क, बोर्ड आणि कंट्रोलरचं फर्मवेअर ताजं करा आणि वर्षातून दोनदा तरी तपासा.

रेड कंट्रोलर, म्हणजे डिस्क रेडमध्ये जोडणारा भाग, कुठला? हायपर-व्ही चालवणार असाल तर कंपनीचा स्वतःचा साधा हार्डवेअर कंट्रोलर ठीक. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्ससारखं काही वापरणार असाल तर कंट्रोलरनं मध्ये लुडबुड न करता डिस्क सरळ दाखवाव्या, आरसा झेडएफएसनं (डिस्क सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरनं) करावा. बोर्डावरच फुकट मिळणारी रेड ही प्रत्यक्षात ड्रायव्हरमधली रेड असते. तिच्या वाटेला जाऊ नका. आणि कंट्रोलर कुठलाही असो, डिस्क गेल्यावर त्यानं ई-मेल पाठवला पाहिजे. एका ऑफिसात रेड १ मधली एक डिस्क अकरा महिने मेलेली होती. पुढचा लाल दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता, पण सर्व्हरचं तोंड भिंतीकडे होतं. दुसरी डिस्क गेली तेव्हा मला फोन आला. ‘पण रेड होती ना?’ हा पहिला प्रश्न. डिस्क आपली तब्येत स्मार्ट नावाच्या नोंदींतून सांगतात, पण त्यावरही विसंबू नका. गूगलनं २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांनी आधी स्मार्टमधून कसलाच इशारा दिला नव्हता.

विजेची बाजू. ऑनलाइन यूपीएस (वीज सतत स्वतःतून गाळून देणारा) उत्तम, पण अशा सर्व्हरला शुद्ध साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसही (वीज गेली की बॅटरीवर जाणारा) चालतो. यूपीएसवर मोठ्या अक्षरात व्हीए लिहिलेलं असतं, तुम्ही बारीक अक्षरातले वॉट बघा. १००० व्हीएच्या यूपीएसला ६०० वॉटही असू शकतात आणि ९०० ही. तुमचा सर्व्हर, स्विच आणि राउटर मिळून २०० वॉटच्या आसपास खातील. पंधरा-वीस मिनिटं मिळाली पाहिजेत, त्यापेक्षा जास्त नको, कारण यूपीएसचं काम काम चालू ठेवण्याचं नाही. त्याचं काम सर्व्हरला व्यवस्थित बंद व्हायला वेळ देण्याचं आहे. त्यासाठी यूपीएस आणि सर्व्हर यांच्यात यूएसबी केबल लागते आणि ‘बॅटरी अमुक टक्क्यांवर आली की व्हर्च्युअल मशीन बंद कर’ हे सॉफ्टवेअरमध्ये सांगावं लागतं. मी पाहिलेल्या निम्म्या ऑफिसांत ही केबल प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ न सोडलेली सापडते. सीलबंद बॅटरी ३ ते ५ वर्षांत संपते, आणि ती संपल्याचं वीज गेल्यावरच कळतं. बदलायची तारीख पेटीवरच मार्करनं लिहून ठेवा. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही लावू नका. तापताना तो इतकी वीज ओढतो की यूपीएस कोलमडतो.

दोन पॉवर सप्लायचा सर्व्हर मिळत असेल तर घ्या. सप्लाय हा डिस्कनंतरचा सर्वांत मरणारा भाग आहे आणि चालू मशीनमध्ये बदलता येतो. पण दोन्ही वायरी एकाच यूपीएसला लावल्या की यूपीएस गेल्यावर दोन्ही जातात. एक यूपीएसला, दुसरी भिंतीतल्या चांगल्या सर्ज प्रोटेक्टरला, असं मी करतो.

आकार: १यू नको, टॉवर घ्या. १यू म्हणजे जेमतेम ४४ मिलिमीटर उंची. त्यात ४० मिलिमीटरचे पंखे बसतात आणि पुरेशी हवा ढकलायला ते प्रचंड वेगानं फिरतात. तो आवाज बंद डेटासेंटरसाठी आहे. माणसं बसतात त्या खोलीत दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर कापड टाकेल, आणि हे मी गमतीनं लिहीत नाही. शिवाय भिंतीवरची नेटवर्कची रॅक उथळ असते आणि सर्व्हर ७०० मिलिमीटर किंवा जास्त लांब. तो दारातून बाहेर लोंबतो. टॉवर ठेवायला जागा मात्र विचारपूर्वक निवडा. जमिनीपासून थोडा वर, मागे वितभर मोकळं, कुलूप लागेल अशा खोलीत, तोंड दिसेल असं. सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश तापमान योग्य मानलं जातं. दिवसा एसी असतो तेव्हा ते सहज मिळतं. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी एसी बंद करून खोली लावून घेतली की काय होतं ते एकदा थर्मामीटर ठेवून बघा. १५० वॉटचा सर्व्हर दिवसाला ३.६ युनिट वीज खातो आणि तेवढीच उष्णता त्या खोलीत सोडतो. ३२ कोअरचा याच्या कितीतरी पुढे.

दूरनियंत्रणाचा भाग कोटेशनमध्ये आहे का ते विचारा. डेलमध्ये त्याला आयड्रॅक, एचपीईमध्ये आयएलओ, लेनोवोमध्ये एक्सक्लॅरिटी म्हणतात. सर्व्हर बंद असला तरी हा छोटा संगणक जागा असतो, पडदा दाखवतो, मशीन चालू-बंद करतो. दूर बसलेल्या माणसाला पूर्ण पडदा दाखवायला काही वेळा वेगळं लायसन लागतं. ते आत्ताच घ्या, कारण रात्री अकरा वाजता सर्व्हर अडकेल तेव्हा ते विकत मिळणार नाही. त्याचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि तो इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका. तो ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती सर्व्हर गेला.

नेटवर्कसाठी गिगाबिट पुरे. सेकंदाला शंभरेक एमबी मिळतात आणि हिशेबाच्या नोंदी त्यात चिमूटभर असतात.

वॉरंटी मात्र पहिल्या आकड्याशी, म्हणजे किती तास बंद चालेल त्याच्याशी, बांधलेली आहे. ‘पुढच्या कामाच्या दिवशी जागेवर’ याचा अर्थ माणूस दुसऱ्या दिवशी येईल, मशीन दुसऱ्या दिवशी चालू होईल असा नाही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बिघडलं तर मोजून बघा. अर्धा दिवस हा तुमचा आकडा असेल तर पाच वर्षांची वॉरंटी घ्याच, पण तिच्यावर टेकून राहू नका. त्याच जातीची एक जादा एसएसडी आणि एक पॉवर सप्लाय कपाटात ठेवा. आणि तुमच्याकडे लोकांचे हिशेब आहेत, तेव्हा ‘खराब डिस्क ग्राहकाकडेच राहील’ असा पर्याय असतो, तो मागून घ्या. नाहीतर मेलेली डिस्क बदलून देताना तिच्यावरचा सगळा डेटा परक्या हातात जातो.

प्रोसेसर आणि रॅममधून वाचलेला पैसा बॅकअपवर लावा. रेड ही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेनं पुसते. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक ऑफिसबाहेर, हा जुना नियम अजून खरा आहे. दोन डिस्कची एक नॅस घ्या, दर दोन तासांनी व्हर्च्युअल मशीनची प्रत तिच्यावर जाऊ द्या. दुसरा आकडा, दोन तासांचं काम, इथं भागतो. पण ती नॅस डोमेनला जोडू नका आणि तिचा पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. खंडणीखोर व्हायरस आधी बॅकअपच शोधतो, आणि अॅडमिनचा एकच पासवर्ड सगळीकडे असला की त्याला शोधावंही लागत नाही. नॅसच्या डिस्क घेताना त्या एसएमआर नाहीत ना, ते विचारा. या डिस्कवर पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे पुनर्बांधणी फार रेंगाळते. २०२० मध्ये तर नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कमध्येही ही पद्धत न सांगता वापरल्याचं उघड झालं होतं. वर दोन यूएसबी डिस्क, आठवड्याला आलटूनपालटून, एक जोडलेली आणि एक कुलपात दुसऱ्या जागी. क्लाउडवरही प्रत ठेवायची असेल तर जरूर, फक्त परत आणायचा वेळ आधी मोजा: ६०० जीबी १०० एमबीपीएसच्या लाइनवर उतरवायला पूर्ण वेगानंही तेरा तास लागतात. अर्धा दिवस तिथंच संपला.

विक्रेत्याकडून नवं कोटेशन मागा आणि त्यात शेवटी एक अट घाला. सर्व्हर बसवल्यावर, अजून कुणाचं काम त्यावर गेलेलं नसताना, त्यांचा माणूस समोर असताना तीन गोष्टी होतील. चालू मशीनमधून एक एसएसडी ओढून काढायची आणि ई-मेल येतो का बघायचं. यूपीएसची भिंतीतली वायर काढायची आणि दोन्ही व्हर्च्युअल मशीन आपोआप बंद होतात का बघायचं. आणि नॅसवरच्या प्रतीतून हिशेबाचं मशीन तुमच्या त्या जुन्या डेस्कटॉपवर उभं करून, कालची एक नोंद उघडून दाखवायची. त्याची रॅम थोडी वाढवावी लागेल, पण सर्व्हर दुरुस्त होईपर्यंत ढकलगाडी म्हणून तो चालतो. बिलाचा शेवटचा हप्ता या तिन्ही गोष्टी झाल्यावर.